बॉम्बे हाऊसचा लाडका 'गोवा'

१० ऑक्टोबर २०२४. मुंबईत रतन टाटांच्या अंत्यदर्शनाला मोठमोठ्या मंडळींची रीघ लागली होती. त्यांच्यात एक गावठी कुत्राही होता, 'गोवा'!

हा मूळचा गोव्यातल्या रस्त्यावरचा. पिल्लू असताना टाटांच्या एका सहकाऱ्याच्या गाडीत त्यानं उडी मारली आणि थेट मुंबईत बॉम्बे हाऊसला पोचला. टाटा समूहाच्या या मुख्यालयात २०१८च्या नूतनीकरणावेळी भटक्या कुत्र्यांसाठी खास जागा राखली गेली. ऑफिसमध्ये गोवा टाटांचा सोबती झाला.

गावठी म्हणजे बिनजातीचा, बिनकामाचा, असं अनेकांना वाटतं. खरं तर ही भारतातली फार जुनी, निसर्गानंच घडवलेली जात आहे. उभे कान, आखूड केस, वळलेली शेपूट, काटक अंग. आपलं ऊन तिला सहज सोसतं, आणि राखणीला ती तल्लख असते.

माळेगाव बुद्रुकसारख्या गावांच्या वाड्यावस्त्यांवर, उसाच्या बांधावर हीच जात दिसते. महागडं विदेशी पिल्लू आणण्याआधी दारातल्या पिल्लाकडे जरूर बघा. तीन महिन्यांचं झालं की रेबीजची लस टोचा, पुढं दरवर्षी बूस्टर द्या आणि वेळेवर नसबंदी करा.