मनाच्या उपचाराची रांग आणि संख्याशास्त्र

बँकेच्या काउंटरवर वीस वर्षे बसलेल्या माणसाला रांग म्हणजे काय हे वेगळे शिकवावे लागत नाही. महिन्याच्या पहिल्या आठवड्यात पेन्शनर मंडळींची गर्दी होते, पुढे खिडकी मोकळी पडते. सरासरी काढली तर एक खिडकी पुरेशी वाटते. पण सरासरीने पहिल्या तारखेची गर्दी हटत नाही. नेमकी हीच अडचण मानसिक आरोग्याच्या केंद्रात येते. तेथे रांगेतला माणूस पैसे काढायला आलेला नसतो; त्याची झोप उडालेली असते, जगण्याची उमेद खचलेली असते. म्हणून सभासद व विद्यार्थी मित्रांना या विषयाची ओळख करून द्यावी असे वाटले. मी कला शाखेचा पदवीधर, गणिताचा पंडित नव्हे. तेव्हा साध्या आकड्यांतच सांगतो.

एका समुपदेशकाकडे एका वेळी जितक्या रुग्णांचे उपचार चालू असतात, त्या संख्येला केसलोड म्हणतात. समजा, एका केंद्रात दोन समुपदेशक आहेत. प्रत्येक जण आठवड्याला २० भेटी देऊ शकतो आणि रुग्णाला आठवड्यातून एक याप्रमाणे सरासरी १० भेटी लागतात. म्हणजे दोघांचा मिळून केसलोड ४०, आणि दर आठवड्याला ४ नवे रुग्ण घेता येतात. आठवड्याला येणारे नवे रुग्ण गुणिले उपचाराचे आठवडे बरोबर केसलोड, असा हा हिशोब आहे. अमेरिकेचे जॉन लिटल यांनी १९६१ साली तो गणिताने सिद्ध केला. आता आठवड्याला ४ ऐवजी ५ जण येऊ लागले तर? फरक एकाचाच, पण वर्षाअखेर प्रतीक्षा यादीत ५२ माणसे असतील.

शिवाय माणसे ठरवून आजारी पडत नाहीत. सरासरी ४ असली तरी एखाद्या आठवड्यात १ येतो, एखाद्यात ८. अशा चढउतारासाठी पॉयसाँ या फ्रेंच गणितज्ञाच्या नावाचे सूत्र वापरतात. कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीतील एरलांग यांनी १९०९ साली टेलिफोनचे कॉल याच सूत्राने येतात हे दाखवले आणि रांगेच्या शास्त्राचा पाया घातला. या सूत्राप्रमाणे सरासरी ४ असताना १०० पैकी सुमारे ११ आठवड्यांत ७ किंवा त्याहून अधिक नवे रुग्ण येतील. एकाच खिडकीचे अगदी साधे उदाहरण घ्या. खिडकी ८० टक्के वेळ गुंतलेली असेल, तर एका कामाला लागणाऱ्या वेळेच्या सरासरी ४ पट थांबावे लागते. ९० टक्क्यांना ९ पट आणि ९५ टक्क्यांना १९ पट. तेव्हा समुपदेशकाचा थोडा मोकळा वेळ म्हणजे आळस नव्हे. रांग आटोक्यात राहते ती त्याच वेळेमुळे.

इंग्लंडमध्ये सरकारी आरोग्यसेवेने २००८ साली संवादातून उपचार करण्याची मोठी योजना सुरू केली. तेथे भेटीगणिक रुग्णाकडून उदासीनतेबद्दल ९ व चिंतेबद्दल ७ प्रश्नांची प्रश्नावली भरून घेतात. ७५ टक्के रुग्णांचे उपचार ६ आठवड्यांत व ९५ टक्क्यांचे १८ आठवड्यांत सुरू व्हावेत असे उद्दिष्ट ठेवलेले आहे. अशा नोंदी हाती असल्या की त्रासाची तीव्रता, चुकलेल्या भेटी, वर्षातील महिना यांवरून कोणाला किती भेटी लागतील याचा अंदाज बांधता येतो. यालाच प्रतिमान किंवा मॉडेल म्हणतात. मोठा आघात सोसलेला रुग्ण आणि परीक्षेच्या ताणाने बेजार झालेला विद्यार्थी, दोघांचा भार सारखा धरून चालत नाही, हे त्यातून कळते.

परंतु प्रतिमानाला नोंदवहीत आहे तेवढेच दिसते. आमच्या वस्तीतील बारावीच्या एका मुलाला एका दवाखान्याने दोन महिन्यांनंतरची तारीख दिली. त्या दिवशी आईला मजुरीचा खाडा करणे जमले नाही. पुढची तारीखही हुकली आणि यादीतून नाव कमी झाले. वहीत 'गैरहजर' असा शेरा पडला. हिशोबात मागणी एकाने घटली. मुलाचा त्रास मात्र होता तिथेच राहिला. त्या वर्षी तो परीक्षेला बसला नाही.

असा तो एकटा नाही. २०१५-१६ साली १२ राज्यांत झालेल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात, निरनिराळ्या विकारांमध्ये ७० ते ९२ टक्के लोकांना उपचार मिळत नसल्याचे आढळले. केवळ आलेल्यांच्या नोंदीवरून समुपदेशकांची पदे ठरवली, तर जेथे दवाखाना दूर तेथे गरजच कमी, असा उफराटा निष्कर्ष निघेल. म्हणून नोंदवहीला घरोघरच्या पाहणीची जोड हवी, आणि गैरहजर राहिलेल्याला का येता आले नाही हेही विचारले पाहिजे.

विद्यार्थी मित्रहो, संख्याशास्त्र शिकणाऱ्यांनी या कामाकडे जरूर वळावे. मात्र कोणताही आकडा समोर आला की यात कोण मोजले गेले आणि कोण राहून गेले, हा प्रश्न आधी विचारावा. सभासद बंधुभगिनींनी आपल्या आळीत कोणाची तारीख असेल तर सोबत जावे. ऑक्टोबर २०२२ पासून टेलि-मानस ही सरकारी दूरध्वनी सेवा १४४१६ या क्रमांकावर चालू आहे. तो क्रमांक घराघरात लिहून ठेवावा. वहीतला एक 'गैरहजर' जरी आपल्यामुळे 'हजर' झाला, तरी पुढचा हिशोब तेवढा खरा होईल.