रंग सांगेल पाण्यातलं शिसं

बेंगळुरू शहराला कावेरीचं पाणी शंभरेक किलोमीटरवरून चढवून आणावं लागतं. ते कमी पडलं की बोअर आणि टँकर. २०२४ च्या उन्हाळ्यात तर बरंच शहर टँकरच्या वाटेकडे डोळे लावून बसलं होतं. टँकरचं पाणी हंड्यात पडलं की माणसं गढूळपणा बघतात, वास घेतात. पाण्यात विरघळलेल्या शिशाला ना रंग, ना वास. उकळूनही ते जात नाही; पाणी आटतं तसं त्याचं प्रमाण उलट वाढतं.

भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात लिटरमागे ०.०१ मिलिग्रॅमपेक्षा जास्त शिसं चालत नाही. बारा हजार लिटरच्या टँकरमध्ये अवघं १२० मिलिग्रॅम विरघळलं, की ही मर्यादा गाठली. एवढंसं पकडायला प्रयोगशाळेतलं महागडं यंत्र लागतं. अहवाल हाती येईपर्यंत ते पाणी पिऊन झालेलं असतं.

शिशाचं दुखणं या शहराच्या ओळखीचं आहे. इथल्या सेंट जॉन्स मेडिकल कॉलेजातल्या डॉ. थुप्पिल वेंकटेश यांनी १९९० च्या दशकाच्या अखेरीस जॉर्ज फाउंडेशनसोबत मोठ्या शहरांतल्या मुलांचं रक्त तपासलं. निम्म्याहून अधिक मुलांच्या रक्तात डेसिलिटरमागे १० मायक्रोग्रॅमपेक्षा जास्त शिसं निघालं. तेव्हाचा मोठा गुन्हेगार होता पेट्रोल. शिसं घातलेलं पेट्रोल २००० साली देशभर बंद झालं. पाण्यातल्या धातूंचा प्रश्न मात्र उरला. शहरातल्या पीन्या औद्योगिक वसाहतीत धातूंवर मुलामा चढवणारे कारखाने आहेत आणि तिथल्या भूजलात घातक क्रोमियम सापडलं आहे.

मग नळापाशीच धातू ओळखता आला तर? त्यासाठी हायड्रोजेल कामी येऊ शकतो. हायड्रोजेल म्हणजे भरपूर पाणी धरून ठेवणारं बहुवारिकाचं (पॉलिमरचं) जाळं. अमेरिकेतल्या पिट्सबर्ग विद्यापीठात सॅनफर्ड ॲशर आणि जॉन होल्ट्झ यांनी १९९७ साली अशा जेलमध्ये सूक्ष्म गोळ्यांची नेमक्या अंतरावर रचना बसवली. मोरपिसाप्रमाणे इथेही रंग रचनेतून येतो, रंगद्रव्यातून नाही. जाळ्याला शिशाचे आयन धरून ठेवणारे कड्यासारखे रेणू जोडलेले असतात. शिसं त्यांत अडकलं की जेल विद्युतभारित होतो, पाणी ओढून फुगतो, गोळ्यांमधलं अंतर वाढतं आणि रंग तांबड्याकडे सरकतो.

पाऱ्यासाठी वेगळी युक्ती आहे. कॅनडातल्या वॉटरलू विद्यापीठात जुवेन लिउ यांच्या गटाने २०१० साली जेलला डीएनएचे धागे जोडले. पारा आला की धाग्यातले थायमिन नावाचे घटक त्याला दोन्हीकडून धरतात, धागा दुमडतो आणि सोबत घातलेल्या रंजकाची पिवळी चमक हिरवी होते. त्याच जेलने पाण्यातला पारा शोषूनही घेतला.

अडचण आहे ती बोअरच्या पाण्यात. त्यात क्षार विरघळलेले असतात आणि क्षार वाढले की ॲशर यांच्या पद्धतीच्या जेलचं फुगणं कमी होतं. शुद्ध पाण्यात चोख उत्तर देणारी जेलची पट्टी टँकरच्या पाण्यात शिसं असूनही गप्प राहू शकते, आणि ही चूक सर्वांत महागात पडणारी. म्हणून अशा पट्टीची परीक्षा डिस्टिल्ड वॉटरमध्ये नव्हे, तर पीन्याच्या बोअरच्या आणि शिवाजीनगरसारख्या गजबजलेल्या वस्तीच्या टाकीतल्या पाण्यात व्हायला हवी. रंग बदलला, तर ते पाणी बाजूला ठेवून नमुना लगेच प्रयोगशाळेत पाठवायचा. नाही बदलला, तरी नेहमीची तपासणी चुकवायची नाही.