घरच्यासारखी मावशी, तासांच्या हिशोबाने

नाशिकमध्ये इंदिरानगर असो, पाथर्डी फाटा असो की गंगापूर रोड, सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर अधूनमधून एक निरोप येतोच. "आठ महिन्यांचं बाळ सांभाळायला बाई हवी. प्रेमळ आणि स्वच्छ. घरच्यासारखं ठेवू." खाली दोन-तीन फोन नंबर पडतात, कुणीतरी 'आमच्या मावशींना विचारून बघते' म्हणतं आणि ग्रुप पुन्हा पाण्याच्या टँकरकडे वळतो. या निरोपात दोन गोष्टी नसतात. बाईने किती ते किती थांबायचं, आणि तिला किती मिळणार. दोन्हींच्या जागी 'घरच्यासारखं' हा एकच शब्द बसवलेला असतो. पुढे जी काही धुसफुस होते तिची सुरुवात बहुतेक वेळा याच शब्दापाशी सापडते, म्हणून बाई शोधण्याआधी कागद-पेन घेऊन बसावं असं मी प्रत्येक नव्या आईला सांगते.

समजा, आई अंबडच्या एका कारखान्यात नोकरीला आहे. 2017 च्या दुरुस्तीनंतर पहिल्या दोन बाळंतपणांना 26 आठवड्यांची पगारी रजा मिळते. ती संपली. सकाळी सव्वाआठला घर सोडायचं, संध्याकाळी सव्वासहाला परत. म्हणजे बाळाजवळ दहा तास कुणीतरी हवं, आठवड्यातले सहा दिवस. हा आकडा आधी पक्का करायचा. बाई कोणती, हे त्यानंतर.

घरात आजी असेल तर अर्धा प्रश्न सुटतो, पण अर्धाच. सत्तरीच्या गुडघ्यांना रांगत्या बाळामागे दहा तास धावायला लावू नये. कंपनीतही विचारून पाहावं, कारण पन्नास किंवा जास्त कर्मचारी असतील तर पाळणाघराची सोय करणं त्याच 2017 च्या दुरुस्तीने बंधनकारक केलं आहे आणि आईला दिवसातून चार वेळा तिथे जाता येतं. ही सोय खरोखर चालू असेल तर तुमचं नशीब थोर. बाकीच्यांपुढे दोन वाटा उरतात: रोज येऊन-जाऊन करणारी मावशी, किंवा घरीच राहणारी बाई.

ये-जा करणारी मावशी साधारण चाळिशीची असते, तिची स्वतःची मुलं वाढलेली असतात आणि त्यामुळे बाळाचं रडणं भुकेचं की पोटदुखीचं हे तिला आवाजावरून कळतं. ती फुलेनगरहून निघत असेल आणि तुम्ही पाथर्डी फाट्याला राहत असाल, तर निमाणीला येऊन सिटीलिंकची बस पकडायची आणि बहुधा एकदा बदलायची. तुमचे दहा तास म्हणजे तिचे बारा. संध्याकाळची बस चुकली तर तिच्या घरी चूल उशिरा पेटते. म्हणून चालत येण्याच्या अंतरावरची मावशी थोडी महाग पडली तरी घ्यावी, हे माझं ठाम मत. तिचे खाडे कमी होतात आणि पावसाळ्यात तर हा फरक फारच जाणवतो.

घरी राहणारी बाई दोन प्रकारची. एक, पन्नाशीतली एकटी बाई, जिने आधी बाळंतिणीची कामं केलेली असतात. ती मिळाली तर सोडू नका. दुसरी, पेठ, सुरगाणा, हरसूलकडून कुणीतरी 'आणून दिलेली' मुलगी. इथे मात्र थांबून चौकशी करायची. तिचा आधार आणि शाळा सोडल्याचा दाखला बघा. चौदा वर्षांखालच्या मुलीला घरकामाला ठेवण्यावर 10 ऑक्टोबर 2006 पासून बंदी आहे. 2016 च्या दुरुस्तीनंतर त्याला सहा महिने ते दोन वर्षं कैद किंवा वीस ते पन्नास हजारांचा दंड, किंवा दोन्ही. चौदा ते अठराच्या मधल्या मुलीबद्दल लोक पळवाटा सांगतात. त्या ऐकूच नयेत. अठरा पूर्ण नसतील तर आपल्या घरात ती मुलगी शिकायला असू शकते, कामाला नाही.

उचलीचंही तसंच. मध्यस्थ म्हणतो, 'बापाला वीस हजार द्या, पोरगी वर्षभर राहील.' बापाने घेतलेल्या पैशांपायी मुलीला काम सोडता येत नसेल, तर 1976 चा वेठबिगारी निर्मूलन कायदा तिला वेठबिगारच म्हणतो. हे फार लांबचं वाटत असेल तर 2022 आठवा. आपल्याच इगतपुरी तालुक्यातल्या कातकरी वस्तीतली लहान मुलं किरकोळ रकमेवर मेंढ्या वळायला दिल्याचं तेव्हाच उघड झालं होतं. पगार मुलीच्या स्वतःच्या बँक खात्यात जायला हवा. बापाच्या नाही, मध्यस्थाच्या तर नाहीच.

आता 'घरच्यासारखं' या शब्दाकडे येऊ. युरोपात या शब्दावर एक आख्खी व्यवस्था उभी आहे. तिचं नाव ओ पेअर. फ्रेंच शब्द, अर्थ साधारण 'बरोबरीच्या नात्याने'. परदेशातली तरुण मुलगी यजमान कुटुंबात राहते, त्यांच्याच टेबलावर जेवते, भाषा शिकते आणि बदल्यात मुलं सांभाळते. युरोपीय देशांनी 1969 मध्ये स्ट्रासबर्गला त्यासाठी करारही केला. जर्मनीत आज ओ पेअरला महिन्याला 280 युरो हातखर्च मिळतो, शिवाय स्वतंत्र खोली, जेवण, विमा आणि भाषेच्या वर्गासाठी दरमहा 70 युरो. काम आठवड्याला तीस तासांपर्यंत, मुक्काम जास्तीत जास्त एक वर्ष. नाशिकमध्ये जर्मन शिकणाऱ्या मुलींना ही वाट खुली आहे, प्राथमिक पातळीची भाषा आली आणि वयाची सत्तावीस वर्षं पूर्ण झालेली नसली तर. मात्र म्युनिकमधल्या मराठी जोडप्याला आपल्या बाळासाठी नाशिकची मुलगी ओ पेअर म्हणून नेता येत नाही. यजमान घरात जर्मन ही मातृभाषा असावी लागते, आणि ती नुसती घरात बोलायची भाषा असेल तर मुलगी यजमानांच्या मूळ देशातली चालत नाही. नाहीतर ती जर्मन शिकणार कधी? भारतात ओ पेअरसाठी वेगळा व्हिसाच नाही, त्यामुळे इथे तो पर्याय नाही. तरी त्यातला हिशोब आपल्या कामाचा आहे.

तो हिशोब अमेरिकेत स्पष्ट दिसतो. तिथे ओ पेअरचा ठरलेला किमान हातखर्च आठवड्याला 195.75 डॉलर. हा चमत्कारिक आकडा आला कुठून? केंद्रीय किमान वेतन तासाला 7.25 डॉलर, आठवड्याचे जास्तीत जास्त 45 तास, गुणाकार 326.25. त्यातून राहण्या-जेवणाचे चाळीस टक्के वजा केले की उरतात 195.75. म्हणजे 'घरच्यासारखं' या शब्दाची तिथे किंमत काढलेली आहे: चाळीस टक्के. बाकीचे साठ रोख. दिवसाला दहा तासांच्या वर काम नाही, आठवड्याला दीड दिवस सुट्टी, वर्षाला दोन आठवडे पगारी रजा. तीन महिन्यांखालच्या बाळाजवळ तिला एकटं सोडायचंही नाही. ही व्यवस्था निर्दोष आहे असं नाही. किमान वेतन 2009 नंतर हललं नाही म्हणून हा आकडाही तिथेच अडकला, आणि राज्याचं वाढीव किमान वेतन ओ पेअरलाही लागू आहे हे मॅसॅच्युसेट्समध्ये 2019 साली न्यायालयाला सांगावं लागलं. पण भांडायला निदान आकडा होता.

तोच गुणाकार आपल्या घरात करू. पुढचे आकडे नमुन्याचे आहेत, तुमच्या गल्लीतला भाव त्यात घाला. मावशीला महिना दहा हजार द्यायचं ठरलं. दहा तास, सव्वीस दिवस, म्हणजे 260 तास. तासाला पडले साडेअडतीस रुपये. आता त्याच इमारतीत धुणं-भांडी करणारी ताई रोज एक तास येते आणि महिन्याचे पंधराशे घेते. तीस दिवस धरले तरी तासाला पन्नास. म्हणजे कुकर घासणारा तास बाळ सांभाळणाऱ्या तासापेक्षा महाग झाला. हे मी पहिल्यांदा मांडून पाहिलं तेव्हा मला स्वतःचीच लाज वाटली. भांड्यांच्या भावाने गेलं तरी मावशीचे तेरा हजार होतात, आणि माझ्या मते हा तळ आहे, इथून बोलणी वर जायला हवीत. दुसरा तळ सरकारी आहे. दुकानांसाठीचं अकुशल कामगाराचं किमान वेतन बघा. त्यातला विशेष भत्ता जानेवारी आणि जुलैत बदलतो, तेव्हा जुना आकडा धरू नका. बाळ सांभाळणं हे अकुशल काम आहे असं ज्याला वाटतं, त्याने एक दिवस सांभाळून पाहावं.

यावर हमखास येणारं उत्तर: 'पण बाळ दुपारी दोन तास झोपतं, तेव्हा त्या बसूनच असतात.' रात्री चोर आला नाही म्हणून आपण वॉचमनचा पगार कापतो का?

घरी राहणाऱ्या बाईचा गुणाकार थोडा फसवा आहे. सकाळी सहाला बाळ उठलं की ती उठते, रात्री नऊला ते झोपलं की तिचा दिवस संपतो. पंधरा तास. सव्वीस दिवसांचे 390. तासाला पन्नासने साडेएकोणीस हजार. अमेरिकेसारखे चाळीस टक्के राहण्या-जेवणाचे वजा केले तर उरतात 11,700. म्हणजे बारा हजार देणारी घरमालकीण पैशांच्या बाबतीत जवळजवळ बरोबर ठरते! चुकतात ते तास. तिथे दिवसाला दहाची मर्यादा आहे आणि आपण पंधरा धरून बसलो आहोत, शिवाय रात्रीचं उठणं कुणी मोजलेलंच नाही. त्यामुळे घरी राहणारी बाई ठेवायची असेल तर आई-बाबांनी घरी आल्यावर बाळ स्वतःकडे घ्यायचं, आणि त्या क्षणापासून ती मोकळी. तिला दार लावता येईल अशी जागा हवी. हॉलमधल्या गादीवर झोपणाऱ्या माणसाची सुट्टी टीव्ही बंद होईपर्यंत सुरू होत नाही. हे जमणार नसेल तर ये-जा करणारी मावशीच बरी, दोघींसाठी.

आता खाड्यांबद्दल. पुण्यात 1980 मध्ये मोलकरणींनी काम बंद केलं होतं. त्यांच्या मागण्यांत पगारवाढीबरोबर महिन्याच्या पगारी सुट्ट्या आणि दिवाळीचा बोनसही होता. आज चार साप्ताहिक सुट्ट्या आणि दिवाळीला एक पगार हे कुणी उपकार म्हणून मांडू नये. वर्षाच्या सुट्ट्या कॅलेंडर समोर ठेवूनच ठरवा: पौषातली त्र्यंबकची निवृत्तिनाथांची यात्रा, चैत्रात वणीच्या गडावर पायी जाणं, माहेरचं लग्न. आधी ठरलेली सुट्टी खाडा राहत नाही. द्राक्षाच्या हंगामात गावाकडून 'दिंडोरीला कामाला ये' असा निरोप येतो आणि तिथे रोज चांगला मिळत असतो. तेव्हा तिला थांबवायचं असेल तर पगारानेच थांबवता येतं. आणि उलट बाजूने: तुम्ही आठ दिवस कोकणात गेलात तर तिचा पगार कापायचा नाही. सुट्टी तुम्ही घेतली, तिने नाही.

बाळ सांभाळण्यात काय येतं तेही लिहून ठेवा. बाळाचं जेवण, अंघोळ, त्याचे कपडे, त्याची खेळणी उचलणं. घरच्यांच्या पोळ्या त्यात येत नाहीत. 'बाळ झोपलंय तोवर भाजी निवडून ठेवा ना' इथून सुरू होतं आणि सहा महिन्यांत फरशीपर्यंत पोचतं. स्वयंपाकही हवा असेल तर त्याचे वेगळे पैसे सांगा. दुसरं बाळ झालं तर पगार वाढतो, हेही आधीच बोललेलं बरं. घरात कॅमेरा लावणार असाल तर तो कुठे आहे ते तिला दाखवा.

दोन-तीन सरकारी कामं आहेत, ती कंटाळवाणी असली तरी फार वेळ घेत नाहीत. महाराष्ट्रात 2008 चा घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा आहे आणि अठरा ते साठ वयाच्या बाईला कामगार कार्यालयात नोंदणी करता येते. त्यासाठी ती तुमच्याकडे काम करते असा तुमच्या सहीचा दाखला लागतो. अनेक घरं हा दाखला द्यायला कचरतात, 'उगाच कुठे अडकायला' म्हणून. सही केल्याने कुणी अडकत नाही. तिच्या खात्यातून वर्षाला वीस रुपये कापून दोन लाखांचा अपघात विमा मिळतो, तो सुरू आहे का विचारा. चाळिशीच्या आतली असेल तर श्रमयोगी मानधन योजनेत महिना 55 ते 200 रुपये भरता येतात, तितकेच केंद्र सरकार घालतं आणि साठीनंतर महिना तीन हजार मिळतात. हा हप्ता तुम्ही भरलात तर पगारवाढ मागण्याआधीच दिल्यासारखी होते.

पहिला आठवडा आईने घरी राहावं, आणि मावशीला त्या आठवड्याचा पूर्ण पगार द्यावा. 'बघू जमतंय का' म्हणून फुकट राबवून घेऊ नये. पहिले दोन दिवस आई करते आणि मावशी बघते, मग उलट. बाळाचा ताप किती झाला की फोन करायचा, घास अडकला तर पालथं धरून पाठ कशी थोपटायची, 108 कधी लावायचा, डॉक्टरांचा नंबर कुठे आहे, हे सगळं एकदा प्रत्यक्ष करून बघा. स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयवर रोजची यायची-जायची वेळ मावशींनी स्वतः लिहायची. दुधाचे खाडे लिहितो तिथेच, फक्त दुसऱ्या रंगाच्या पेनने. लिहिता येत नसेल तर बाळाच्या बाबांनी रोज त्यांच्यासमोर लिहावी.

आणि कामावर परत जायच्या पहिल्या सोमवारी सव्वाआठ म्हणजे सव्वाआठला निघावं. बाळाला सांगून, पण जिन्यात न रेंगाळता. बाळ रडेल. आपण दिसेनासे झालो की बहुतेक बाळं पाच-दहा मिनिटांत खेळण्याकडे वळतात. तरी बसमधून मावशींना फोन करून विचारावंसं वाटणारच. विचारा, पण एकदाच. त्यांच्या कडेवर बाळ असतं.