काकांचे क्लॅरिनेट

तापीकाठच्या आमच्या बऱ्हाणपुरात गणेशोत्सव जवळ आला की घराघरांतून झांजा, पेटी, तबला बाहेर निघतात. त्या वर्षी आमच्या घरातून काकांचे क्लॅरिनेटही निघाले. ते गेल्यापासून तीन वर्षे ते तसेच पडून होते. आरतीला ते एकदा वाजावे, एवढीच काकूंची इच्छा. परंतु खालचे दोन-तीन स्वर गोधडीत तोंड खुपसून बोलल्यासारखे घुसमटत. एका दुकानदाराने सांगितले, "लाकूड गेले, नवे घ्या." काकू काही बोलल्या नाहीत. त्यांनी वाद्य उचलून पुन्हा कपाटात ठेवले. ते पाहून दोष शोधण्याचे आम्हीच मनावर घेतले.

न्यूरेंबर्गच्या डेनरने इ. स. १७०० च्या सुमारास घडविलेल्या या वाद्याची एक खोड आहे. बासरी जोराने फुंकली की स्वर सप्तकभर चढतो; क्लॅरिनेट मात्र मंद्र षड्जावरून थेट मध्य पंचमावर उडी घेते. बोटे तीच, फक्त अंगठ्याची चावी उघडायची. आमचे खालचे स्वर घुसमटत, तसेच त्याच बोटांचे वरचे स्वरही. बाकी सारे स्वच्छ. म्हणजे दोष रीडचा नव्हे की लाकडाचाही नव्हे. तो एखाद्या छिद्रापाशीच असणार.

प्रथम गळती पाहिली. गादीखाली सिगारेटच्या कागदाची पट्टी ठेवून चावी दाबली. कागद सर्व बाजूंनी घट्ट धरला गेला. मग उघड्या गादीची उंची मोजली. छिद्र १२ मिलिमीटरचे आणि गादी जेमतेम २ मिलिमीटर वर! गादीभोवतीची वाट छिद्राइतकी मोकळी व्हायला उंची व्यासाच्या निदान चौथाईइतकी, म्हणजे ३ मिलिमीटर लागते; कारागीर साधारण एक तृतीयांश ठेवतात. त्याहून कमी असली की स्वर कोंदट होतो आणि किंचित उतरतोही.

चावीच्या दांड्याखाली कोणीतरी जाड बूच बसविले होते. ते काचकागदाने अगदी थोडे थोडे घासले आणि दर वेळी वाजवून पाहिले. घाई करून चालत नाही. उंची फाजील झाली तर स्वर चढतो, चाव्या खडखडतात, बोटांना लांब जावे लागते. शिवाय खालच्या चाव्या एकमेकींत गुंतलेल्या असल्याने शेजारच्या गाद्या नीट बसतात ना, हेही कागदाने पुन्हा तपासले.

चतुर्थीच्या संध्याकाळी पुतण्याने आरतीचे सूर धरले. खालचा स्वर मोकळा उमटला, तशी काकूंच्या हातातली झांज क्षणभर थांबली. "हे त्यांचंच," एवढेच त्या म्हणाल्या.

वाचकहो, आपल्याही माळ्यावर असे एखादे मुके वाद्य असेल. ते मोडीत काढण्यापूर्वी त्याच्या गाद्या किती उघडतात, एवढे तरी पाहावे.