राखणदाराचा खाऊ

वखारीच्या दाराशी बसणारा कुत्रा हा आपल्या व्यापाराचा जुना सोबती होय. पेढी बंद झाली, मुनीमजी घरी गेले की पुढचा पहारा त्याच्याच भरवशावर असतो. तथापि त्यास शिकवावे कसे आणि शिकविताना हाती कोणता खाऊ घ्यावा, याचा विचार आपण क्वचितच करतो. मांसाचा तुकडा दाखविल्यावाचून कुत्रा शिकत नाही, अशी पुष्कळांची समजूत आहे. आणि तो तर आपल्या उंबऱ्याच्या आत येणे नाही. मग उरते ती काठी. आमच्या मते या दोहोंचीही गरज नाही.

मरणोन्मुख श्वानाच्या कानी णमोकार मंत्र घालणाऱ्या जीवंधरकुमाराची कथा आपल्या घरांत पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते. तत्त्वार्थसूत्रातील अहिंसाणुव्रताचे पाच अतिचार तर जणू पशू पाळणाऱ्यास उद्देशूनच आहेत : बांधून ठेवणे, मारणे, अवयव छेदणे, न पेलणारा भार लादणे आणि अन्नपाणी रोखणे. दिवसभराची साखळी, काठीचा मार, शोभेसाठी कापलेले कान आणि भुकेला ठेवला म्हणजे लवकर शिकेल हा हिशेब, ही सारी त्यांतच मोडतात.

शिवाय कुत्रा हा निव्वळ मांसाहारी प्राणी नव्हे. पिष्ट पचविण्यास उपयोगी पडणाऱ्या एका जनुकाच्या प्रती लांडग्याच्या मानाने कुत्र्याच्या ठायी कितीतरी अधिक असतात, असे २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसून आले. माणसाच्या चुलीशेजारी राहून तो भाकरी पचवू लागला. त्याचे रोजचे जेवण संपूर्ण निरामिष ठेवावयाचे असेल, तर पशुवैद्यास विचारून प्रथिनांचा व इतर घटकांचा मेळ बसवावा. शिकवणीच्या खाऊपुरते मात्र आपल्या स्वयंपाकघरात पुष्कळ आहे.

मिठाशिवायच्या पनीरचे हरभऱ्याएवढे तुकडे सर्वांत उत्तम. मऊ, वासाचे आणि झटकन गिळले जाणारे. भाकरीचा कोरडा तुकडा, साधे चुरमुरे, उकडलेला लाल भोपळा, काकडी, बिया काढलेले सफरचंद हेही चालते. इतरत्र गाजर देतात. कंदमूळ वर्ज्य करणाऱ्या घरांचे त्यावाचून काही अडत नाही. सोप्या कामास चुरमुरे आणि अवघड कामास पनीर, अशी प्रतवारी ठेवावी. बाजारची तयार बिस्किटे घेताना वेष्टनावरील घटक वाचावेत. पुष्कळांत मांस किंवा हाडांची भुकटी असते.

आता एक चूक सांगतो, ती आमचीच आहे. वखारीतल्या कुत्र्याने हाक ऐकली म्हणून आम्ही मोठ्या प्रेमाने त्यास मूठभर मनुका दिल्या. रात्री तो ओकू लागला, सकाळी उठेना. पशुवैद्याने दोन दिवस सलाईन लावले तेव्हा तो वाचला. द्राक्षे, बेदाणे, मनुका यांनी कुत्र्याचे मूत्रपिंड निकामी होऊ शकते. कोणास किती बाधेल याचा अंदाज बांधता येत नाही. त्यांतील टार्टारिक आम्ल हे त्याचे कारण असावे, असे अमेरिकेतील पशुवैद्यांनी २०२१ साली सुचविले. हेच आम्ल चिंचेतही असते. म्हणजे ज्या मालावर आपला संसार चालतो, तोच या मुक्या जीवास विष! चॉकलेट, कांदा, लसूण आणि झायलिटॉल घातलेल्या बिनसाखरेच्या गोळ्या याही तितक्याच घातक. पेढे-बर्फीतील तूपसाखरही त्यास सोसत नाही. असे काही पोटात गेल्याचे कळताच लक्षणांची वाट न पाहता पशुवैद्य गाठावा.

खाऊ देण्याची रीत व्यापाऱ्यास सहज समजेल अशी आहे. काम होण्यापूर्वी दाखविलेला घास ही लाच. काम झाल्यावर दिलेला घास ही मजुरी. आणि हा व्यवहार रोखीचा आहे. हुकूम पाळताच एक-दोन सेकंदांत घास मिळाला पाहिजे. उशीर झाला तर तो कशाबद्दल मिळाला हे त्यास उमगत नाही. धडा अंगवळणी पडला की घास कधी द्यावा, कधी नुसती शाबासकी द्यावी. दिवसाच्या एकूण आहाराच्या दहाव्या हिश्श्याहून अधिक खाऊ नसावा. संध्याकाळच्या जेवणाआधी, सूर्य मावळण्यापूर्वी पाच-दहा मिनिटांचा धडा पुरे. परक्या हातचे अन्न न घेण्याचा धडाही याच रीतीने द्यावा. विषप्रयोगापासून त्याचा बचाव त्यातच आहे.

आमच्या हातून झालेल्या चुकीत प्रेमाची उणीव नव्हती, माहितीची होती. आमचा राखणदार आता म्हातारा झाला आहे. तरी हाक मारताच उठून येतो आणि पनीरचा एक कण घेऊन पुन्हा दाराशी जाऊन बसतो. मनुकांचे पोते मात्र आम्ही तेव्हापासून उंच फळीवर ठेवतो. बांधवांनीही आपापल्या वखारीत आजच तशी व्यवस्था करावी, एवढीच विनंती.