डॉ. वैद्यनाथ सुब्रह्मण्यन् आणि म्हैसूरची अन्नसंशोधनशाळा

अन्न पिकविणे ही एक गोष्ट आणि पिकलेले अन्न धडपणे मनुष्याच्या ताटापर्यंत पोचविणे ही अगदी वेगळी गोष्ट होय. पहिल्या गोष्टीचा विचार शेतकी खाती व कृषिविद्यालये फार पूर्वीपासून करीत आली. दुसऱ्या गोष्टीकडे मात्र आपल्या देशात शास्त्राचे लक्ष बऱ्याच उशिरा वळले. खळ्यावर भिजलेले भात, कोठारात किडलेले धान्य, बाजारात नासलेली फळे आणि घाणीवर तेल काढून उरलेली पेंड यांची गणना कोणी रसायनशास्त्रात करीत नसे. ती करावयास लावणाऱ्या मोजक्या मंडळींत डॉ. वैद्यनाथ सुब्रह्मण्यन् यांचे स्थान अग्रभागी आहे. बंगळूरच्या विज्ञानसंस्थेत ते प्राध्यापक होते. पुढे म्हैसूर येथील केंद्रीय अन्न-तंत्रविज्ञान संशोधन संस्थेचे ते पहिले संचालक झाले आणि १९५० पासून १९६३ पर्यंत त्यांनी तिचा कारभार पाहिला.

सुब्रह्मण्यन् यांचा जन्म १९०२ सालचा. बंगळूरच्या भारतीय विज्ञानसंस्थेत जीवरसायनशास्त्राचे शिक्षण घेतल्यावर ते इंग्लंडमधील रॉथॅमस्टेड येथे गेले. सर जॉन रसेल यांच्या नेतृत्वाखाली चालणारी ही संस्था मृत्तिकाशास्त्राचे जणू तीर्थक्षेत्र मानली जात असे. तेथे जाणारा विद्यार्थी साहजिकच गहू आणि बार्लीच्या जमिनीवर काम करी. या दक्षिणी तरुणाने मात्र विषय निवडला तो पाण्याखाली बुडालेल्या जमिनीचा, म्हणजेच भातखाचराचा.

हा विषय वरकरणी क्षुल्लक भासतो. परंतु त्यात एक मोठे कोडे दडलेले आहे. कोरडवाहू शेतात सूक्ष्मजंतू हवेतील प्राणवायूच्या साहाय्याने अमोनियाचे रूपांतर नायट्रेटमध्ये करतात आणि बहुतेक पिके आपला नत्र या नायट्रेटच्या रूपाने घेतात. खाचरात पाणी साचले की मातीतला प्राणवायू लवकरच संपतो, नायट्रेट होणे थांबते आणि असलेले नायट्रेटही नाहीसे होऊ लागते. तरीदेखील भाताचे रोप पाण्यात उभे राहून जोमाने वाढते! मग त्याला नत्र मिळतो कोठून? १९२७ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या निबंधांत सुब्रह्मण्यन् यांनी दाखविले की, बुडालेल्या मातीत अमोनिया साचत जातो. इतकेच नव्हे, तर जंतुनाशक द्रव्य घालून सूक्ष्मजंतूंचे काम रोखले तरी अमोनिया निर्माण होतच राहतो. कारण मातीत जंतूंपासून अलग असे एक विकर कार्य करीत असते. विकर म्हणजे सजीवांनी निर्माण केलेले, रासायनिक क्रिया घडवून आणणारे द्रव्य. दुधाला विरजण लागते ते जिवंत जंतूंमुळे. पण कच्च्या पपईचा चीक मांस मऊ करतो तो विकरामुळे, त्याला जिवंत जंतूंची गरज नसते. भातखाचरातील नत्राच्या अभ्यासाचा आरंभीचा पाया ज्या संशोधनाने घातला, त्यात या निबंधांची गणना करावी लागते.

मायदेशी परतल्यावर १९३० च्या सुमारास ते बंगळूरच्या संस्थेत जीवरसायनशास्त्राचे प्राध्यापक व विभागप्रमुख झाले. या विभागाची परंपरा मुळातच लोकोपयोगी होती. सांडपाणी शुद्ध करण्याच्या प्रसिद्ध पद्धतीशी ज्यांचे नाव निगडित आहे, ते गिल्बर्ट फाउलर येथेच प्राध्यापक होते. सांडपाणी, कंपोस्ट खत, लाख, दूध, कडधान्ये असे विषय येथे एकाच छपराखाली नांदत. शुद्ध विज्ञानाचे अभिमानी अशा विषयांकडे काहीसे तुच्छतेने पाहत असतीलही. पण मराठी वाचकाला या विभागाविषयी आपुलकी वाटण्यास एक विशेष कारण आहे. १९३३ साली मुंबईहून आलेल्या कमला भागवत, म्हणजेच पुढे प्रसिद्धीस आलेल्या डॉ. कमला सोहोनी, यांना केवळ स्त्री म्हणून संस्थेत प्रवेश नाकारण्यात आला होता. त्यांनी हट्ट धरून प्रवेश मिळविला, तो याच विभागात. तेथे श्री. श्रीनिवासय्या यांच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी दूध व कडधान्ये यांतील प्रथिनांवर काम केले.

१९४३ साली बंगालमध्ये भीषण दुष्काळ पडला. त्यात आणि त्यामागोमाग आलेल्या रोगराईत वीस ते तीस लक्ष माणसे मृत्युमुखी पडली असावीत असा अंदाज आहे. महायुद्धाच्या त्या वर्षांत सुब्रह्मण्यन् आणि त्यांचे सहकारी सोयाबीनपासून दुधासारखे पेय तयार करून त्याचे पोषणमूल्य तपासीत होते. प्राध्यापकाच्या आयुष्यातील हे वळण ध्यानात घेण्याजोगे आहे. मातीतील नत्रापासून त्यांची दृष्टी माणसाच्या शरीरातील नत्राकडे, म्हणजे प्रथिनांकडे वळली आणि ती अखेरपर्यंत तेथेच खिळून राहिली.

स्वातंत्र्य मिळाल्यावर वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने देशभर राष्ट्रीय प्रयोगशाळांची साखळी उभारण्यास प्रारंभ केला. अन्नासाठी स्थळ निवडले गेले ते म्हैसूर. राजकन्या चेलुवाजम्मणी यांच्यासाठी बांधलेला विस्तीर्ण प्रासाद संशोधनासाठी देण्यात आला आणि २१ ऑक्टोबर १९५० रोजी श्री. चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते संस्थेचे उद्घाटन झाले. ज्या दालनांत एके काळी राजघराण्याचा वावर होता, तेथे आता पेंड दळण्याची यंत्रे, भात भिजविण्याच्या टाक्या आणि प्रयोगासाठी पाळलेल्या पांढऱ्या उंदरांचे पिंजरे आले. राजवाड्याचा असा उपयोग क्वचितच झाला असेल!

संस्थेपुढील पहिला प्रश्न स्पष्ट होता. देशात धान्याची तूट होती, गरिबाच्या आहारात प्रथिने कमी होती आणि परदेशांतून दुधाची भुकटी आणावी तर तेवढे परकीय चलन नव्हते. उलट भुईमूग मात्र विपुल. तेल काढल्यावर उरणाऱ्या पेंडीत निम्म्याच्या आसपास प्रथिने असतात. पण ती पेंड जात होती गुरांच्या गव्हाणीत किंवा उसाच्या सरीत खत म्हणून. म्हैसूरच्या शास्त्रज्ञांनी निवडक दाणे घेऊन, त्यांची लाल साल व कडवट अंकुर काढून, स्वच्छ घाणीत तेल गाळून माणसाने खाण्याजोगे पीठ तयार केले. त्याचे पंचाहत्तर भाग आणि भाजलेल्या हरभऱ्याच्या पिठाचे पंचवीस भाग एकत्र करून त्यात कॅल्शियम व जीवनसत्त्वे मिसळली. ‘बहुगुणी अन्न’ म्हणता येईल असे हे मिश्रण. त्यात चाळीस टक्क्यांहून अधिक प्रथिने असत. भुईमूग आणि हरभरा यांची ही जोडी यदृच्छेने जुळलेली नव्हती. प्रथिने ज्या अमिनो आम्लांची बनतात, त्यांपैकी लायसीन नावाचे आम्ल भुईमुगात कमी असते, तर हरभऱ्यात ते भरपूर असते. एकाचे उणे दुसरा भरून काढतो. आपल्या घरी भाकरीबरोबर पिठले किंवा भाताबरोबर वरण खाल्ले जाते, तेव्हा हेच तत्त्व नकळत पाळले जात असते.

कारखान्याच्या पातळीवर अधिक यश लाभले ते म्हशीच्या दुधाच्या बाबतीत. अर्भकांसाठी लागणारी दुधाची भुकटी त्या काळी बाहेरून येई आणि ती गाईच्या दुधाची असे. आपल्याकडे डेअऱ्यांत जमणारे दूध बहुतांशी म्हशीचे. त्यात स्निग्धांश सुमारे सात टक्के, शिवाय केसीन नावाचे प्रथिन व कॅल्शियम हीही अधिक. बाळाच्या जठरात अशा दुधाचा घट्ट, रबरासारखा गोळा होतो आणि तो पचत नाही. आईच्या दुधात प्रथिनांचे प्रमाण एक टक्क्याच्या आसपास असते व त्याचे दही मऊ, विस्कळीत बनते. म्हैसूरमध्ये दुधातील स्निग्धांश बेताचा करून, योग्य लवणे व उष्णता यांच्या साहाय्याने दही मऊ होईल अशी व्यवस्था करून, साखर, लोह व जीवनसत्त्वे घालून दूध सुकविण्याची पद्धत सिद्ध झाली. १९६० च्या सुमारास आणंदच्या सहकारी दुग्धसंघाने तिच्या आधारे उत्पादन सुरू केले आणि आयात अन्नाची मक्तेदारी मोडली. पुढे बाटलीच्या दुधाच्या प्रचारामुळे स्तनपान मागे पडते, ही चिंता जगभर व्यक्त होऊ लागली आणि १९९२ साली भारताने अशा पदार्थांच्या जाहिरातीवर कायद्याने बंदी घातली, हेही येथे नमूद केले पाहिजे. ज्या अर्भकाला आईचे दूध मिळूच शकत नाही, त्याच्यासाठी मात्र या शोधाचे मोल कमी होत नाही.

सर्वच प्रयोग फळास आले असे नाही. तांदळाच्या टंचाईवर उपाय म्हणून साबुकंदाचे पीठ, भुईमुगाचे पीठ व गव्हाचा रवा यांपासून तांदळाच्या आकाराचे दाणे बनविण्यात आले. रसायनशास्त्राच्या दृष्टीने त्यांत खोट नव्हती. पण भात खाणाऱ्या माणसाला हवा असतो तो भात. वास, मऊपणा, बोटांना होणारा शिताचा स्पर्श यांची पूर्तता पोषणाच्या कोष्टकाने होत नाही. बहुगुणी अन्नही शाळांत व संकटकाळी मदत म्हणून वाटले गेले, परंतु गृहिणीने दुकानातून आपण होऊन विकत आणावे असा पदार्थ ते झाले नाही.

यापेक्षा गंभीर असे दोन आघात बाहेरून आले. १९६० साली इंग्लंडमध्ये एक लाखाहून अधिक टर्की पक्षी अचानक मेले. शोध घेता त्यांच्या खाद्यातील भुईमुगाच्या पेंडीवर वाढलेल्या बुरशीचे विष त्याच्या मुळाशी असल्याचे आढळले. या विषाला ॲफ्लाटॉक्सिन असे नाव मिळाले. ओलसर जागी साठविलेल्या शेंगांत ते सहज निर्माण होते. म्हैसूरच्या सगळ्या योजनेचा आधारस्तंभ भुईमूग. त्यामुळे प्रत्येक पोते तपासणे व दाणे निवडणे अपरिहार्य झाले आणि स्वस्ताईचा हिशेब बिघडला. दुसरा आघात विचारांचा होता. सातारा जिल्ह्यातील बुध गावी जन्मलेले आणि १९५१ पासून १९७० पर्यंत जागतिक अन्न व शेती संघटनेत कार्य केलेले संख्याशास्त्रज्ञ डॉ. पांडुरंग वासुदेव सुखात्मे यांनी आकडेवारीनिशी असे प्रतिपादन केले की, भारतातील प्रथिनांची उणीव ही बव्हंशी पोटभर अन्नाच्या अभावाचीच छाया आहे. शरीराला पुरेशी ऊर्जा मिळाली नाही तर ते प्रथिनेसुद्धा सरपणाप्रमाणे जाळून टाकते. गरिबाला नेहमीची भाकरी-डाळ पोटभर मिळाली, तर वेगळ्या प्रथिनपिठाची गरज बहुधा उरत नाही. १९७० नंतर हे मत बरेच मान्य झाले. सुब्रह्मण्यन् यांचा प्रयत्न म्हणून व्यर्थ ठरत नाही. दुष्काळात, आजारपणात वा लहान मुलांच्या आहारात थोड्या घासांत अधिक सत्त्व द्यावे लागते, तेथे अशी मिश्रणे अद्यापही उपयोगी पडतात. तथापि राष्ट्राच्या भुकेचा उलगडा एका पिठाने होईल ही त्या दशकातील आशा अवास्तव होती, हे मान्य केलेच पाहिजे.

संचालक या नात्याने त्यांनी केलेले आणखी एक काम सहसा सांगितले जात नाही. अन्न-तंत्रविज्ञान हा स्वतंत्र व्यवसाय आहे, ही जाणीव देशात नव्हती. लोणची-मुरंब्याचे कारखानदार, गिरणीवाले आणि विद्यापीठातील रसायनशास्त्रज्ञ एकमेकांस ओळखतही नसत. १९५७ साली म्हैसूरमध्येच या क्षेत्रातील शास्त्रज्ञ व तंत्रज्ञ यांचा अखिल भारतीय संघ स्थापन झाला आणि त्यांना बोलावयास एक व्यासपीठ मिळाले. १९६० साली भारत सरकारने सुब्रह्मण्यन् यांचा पद्मश्री देऊन गौरव केला.

संस्थेतून निवृत्त झाल्यावर ते पुन्हा भाताकडे वळले. म्हैसूरमध्ये असतानाच उकडा तांदूळ करण्याची सुधारलेली रीत तेथे निघाली होती. कोकणात हा तांदूळ घरोघरी परिचित आहे. भात सालीसकट भिजवून, वाफवून, वाळवून मग सडले, की सालीलगतची जीवनसत्त्वे पाण्याबरोबर दाण्याच्या आत शिरतात आणि कोंड्याबरोबर वाया जात नाहीत. जुन्या पद्धतीत भात थंड पाण्यात दोन-तीन दिवस ठेवीत. ते आंबून तांदळास दुर्गंधी येई. सुमारे सत्तर अंश उष्णतेच्या पाण्यात तेच काम साडेतीन तासांत होते, हे म्हैसूरच्या शास्त्रज्ञांनी सिद्ध केले आणि गिरण्यांनी ते उचलले. बहुगुणी अन्नाला जे साधले नाही, ते या साध्या रीतीला साधले. कारण तीत खाणाऱ्याला आपली चव बदलावी लागली नाही.

तंजावरच्या त्रिभुज प्रदेशातील अडचण निराळी होती. तेथील पहिले पीक नेमके ईशान्य मोसमी पावसात, ऑक्टोबर-नोव्हेंबरात, कापणीस येते. खळ्यावर ऊन नसते. भिजलेल्या राशी तापतात, दाण्यांस मोड फुटतात आणि शेतकऱ्याला मिळेल त्या भावाने भात विकावे लागते. थिरुवारूर येथील सहकारी भातगिरणीच्या आवारात १९६७ साली सुरू झालेल्या छोट्या प्रयोगशाळेत सुब्रह्मण्यन् यांनी यावर उपाय शोधला, तो मिठाचा. ओल्या भातात मीठ मिसळले असता ते दाण्यांतील पाणी बाहेर ओढून घेते व मोड येण्याची क्रिया रोखते. पुढे ऊन पडेपर्यंत किंवा उकडण्याची सोय होईपर्यंत भात तग धरते. यंत्र नको, वीज नको. लागणारी वस्तू प्रत्येक गावच्या वाण्याकडे मिळणारी. १९७२ साली या प्रयोगशाळेला राष्ट्रीय भात-प्रक्रिया संशोधन केंद्राचा दर्जा मिळाला. १९७९ साली सुब्रह्मण्यन् यांचे निधन झाले. ते केंद्र पुढे तंजावरला वाढत गेले आणि आज तेथे अन्न-तंत्रविज्ञानाच्या पदव्या देणारी राष्ट्रीय संस्था उभी आहे.