आपोआप रीस्टार्ट होणारा पीसी : गैरसमज आणि वस्तुस्थिती

घरचा पीसी मध्येच बंद पडून पुन्हा सुरू व्हायला लागला की सल्ल्यांना तोटा नसतो. कुणी अँटिव्हायरस टाकायला सांगतं, कुणी फॉरमॅट मारायला, कुणी रॅम बदलायला. यातला प्रत्येक सल्ला कधी ना कधी कुणाच्या तरी उपयोगी पडलेला असतो, म्हणूनच तो टिकून आहे. पण रीस्टार्ट हे नुसतं लक्षण आहे. त्यामागे वीज, उष्णता, मेमरी, ड्रायव्हर यांपैकी काहीही असू शकतं. म्हणून ‘काय बदलू?’ याआधी ‘नेमका केव्हा रीस्टार्ट होतो?’ हे बघावं लागतं.

गैरसमज १ : व्हायरस शिरलाय.
वस्तुस्थिती : ही समजूत विंडोज एक्सपीच्या काळातली, आणि तेव्हा ती खरीही होती. ऑगस्ट २००३ मध्ये ‘ब्लास्टर’ आणि २००४ च्या उन्हाळ्यात ‘सॅसर’ या वर्मनी धुमाकूळ घातला. विंडोजची एक आवश्यक सेवा कोलमडायची, पडद्यावर साठ सेकंदांची उलटी मोजणी सुरू व्हायची आणि पीसी रीस्टार्ट व्हायचा. आजच्या घातक प्रोग्रॅमना मात्र लपून राहण्यातच फायदा असतो. पासवर्ड चोरणारा सतत रीस्टार्ट करून स्वतःकडे लक्ष कशाला वेधेल? उलट १९ जुलै २०२४ रोजी जगभरातले सुमारे ८५ लाख विंडोज संगणक कोलमडले ते क्राउडस्ट्राइक या सुरक्षा सॉफ्टवेअरच्या सदोष अपडेटमुळे. स्कॅन जरूर करा, पण तपास तिथेच थांबवू नका.

गैरसमज २ : फॉरमॅट मारला की सगळं सुटतं.
वस्तुस्थिती : दोष ड्रायव्हरचा किंवा विंडोजचा असेल तरच. बायोसच्या पडद्यावर नुसतं थांबलं असतानाही, किंवा पेनड्राइव्हवरून लिनक्स चालवतानाही पीसी रीस्टार्ट होत असेल, तर विंडोज निर्दोष आहे आणि फॉरमॅटने फक्त फोटो जातील. आणखी एक गोष्ट : विंडोज कोसळली की एररचा पडदा वाचायच्या आत रीस्टार्ट व्हावं, अशीच मूळ सेटिंग असते. सिस्टिम प्रॉपर्टीजमधल्या ‘अ‍ॅडव्हान्स्ड’ टॅबवर ‘स्टार्टअप अँड रिकव्हरी’त जाऊन ‘ऑटोमॅटिकली रीस्टार्ट’ची टिक काढा. पुढच्या वेळी तो पडदा आला तर स्टॉप कोडसकट थांबेल. फोटो काढून ठेवा. तरीही पडदा न दिसता रीस्टार्ट झाला, तर संशय विजेकडे आणि हार्डवेअरकडे वळवा.

गैरसमज ३ : विंडोजच्या नोंदवहीत, म्हणजे इव्हेंट व्ह्यूअरमध्ये, ‘कर्नल-पॉवर ४१’ दिसलं, म्हणजे एसएमपीएस (पीसीचा पॉवर सप्लाय) गेला.
वस्तुस्थिती : ही नोंद पंचनाम्यासारखी आहे, अपघात झाला एवढं सांगते, कोणामुळे ते नाही. पीसी रीतसर बंद न होता पुन्हा सुरू झाला, इतकाच तिचा अर्थ. तिच्या तपशिलात ‘बगचेक कोड’ बघा. तिथे शून्याशिवाय आकडा असेल तर विंडोज कोसळली होती. शून्य असेल तर बहुधा वीज तुटली किंवा यंत्र नोंद करण्याआधीच पडलं. त्याच वेळची १०७४ क्रमांकाची नोंद सापडली तर मात्र बिघाडच नाही. विंडोज अपडेटने किंवा एखाद्या प्रोग्रॅमने रीतसर रीस्टार्ट केलेला असतो.

गैरसमज ४ : घरात इन्व्हर्टर आहे, विजेचा प्रश्नच नाही.
वस्तुस्थिती : लाइट गेल्यावर एसएमपीएस स्वतःत साठलेल्या विजेवर जेमतेम १५-२० मिलिसेकंद तग धरतो. तेवढ्यात बॅकअप मिळाला नाही की रीस्टार्ट. बऱ्याच घरगुती इन्व्हर्टरवर ‘यूपीएस’ आणि ‘नॉर्मल’ किंवा ‘इको’ अशी निवड असते. पंखे-दिव्यांना नॉर्मल चालतं. पीसीसाठी यूपीएसच हवं. छोट्या यूपीएसमधली १२ व्होल्टची बॅटरी दोन-तीन वर्षांत दमते. शिवाय ६०० व्हीए म्हणजे ६०० वॅट नव्हे. असा यूपीएस बहुधा ३६० वॅटचाच भार पेलतो. फ्रिज किंवा पाण्याची मोटर सुरू होतानाच रीस्टार्ट होत असेल, तर पीसी दुसऱ्या सॉकेटवर लावून बघा.

गैरसमज ५ : पंखा फिरतोय, म्हणजे एसएमपीएस चांगला आहे.
वस्तुस्थिती : पंख्याला फार वीज लागत नाही. प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्डाला लागते. त्यांच्या १२ व्होल्टच्या लाइनवर ११.४ ते १२.६ एवढीच सूट असते. टायपिंग करताना सगळं ठीक, पण गेम सुरू करताच किंवा व्हिडिओ एडिट करताना रीस्टार्ट, ही एसएमपीएसची ठळक खूण. ‘८० प्लस’चा शिक्का विजेची किती बचत होते ते सांगतो, टिकाऊपणा नाही. चांगला चालणारा दुसरा एसएमपीएस लावून बघणं ही भरवशाची चाचणी. जुना उघडू मात्र नका. प्लग काढल्यावरही त्यातल्या कपॅसिटरमध्ये ३०० व्होल्टच्या वर दाब राहू शकतो.

गैरसमज ६ : उन्हाळा आहे, तापत असेल.
वस्तुस्थिती : प्रोसेसर तापला की आधी वेग कमी करतो. तरीही तापमान चढतच राहिलं, तर बहुतेक प्रोसेसरच्या बाबतीत १०० अंश सेल्सिअसच्या पुढे गेल्यावर यंत्र स्वतःला वाचवायला बंद होतं, आणि सहसा बंदच राहतं. म्हणून सुरू केल्यावर ठरावीक वेळाने बंद पडणारा, गार झाल्यावरच चालणारा पीसी उष्णतेकडे बोट दाखवतो. तिथे धूळ काढणं आणि वाळलेली थर्मल पेस्ट बदलणं कामी येतं. क्षणात पुन्हा उठून उभा राहणाऱ्या पीसीचं कारण बहुधा वेगळं असतं.

गैरसमज ७ : रॅम खराब असती तर पीसी सुरूच झाला नसता.
वस्तुस्थिती : रॅमचा एखादाच कोपरा खराब असेल, तर तो वापरात येईपर्यंत सगळं सुरळीत चालतं. रीस्टार्टला वेळकाळ नाही आणि दरवेळी स्टॉप कोड वेगळा, ही तिची खूण. विंडोजची मेमरी डायग्नोस्टिक किंवा पेनड्राइव्हवरून मेमटेस्ट रात्रभर चालवा. एक चूक निघाली तरी पुरे. मग एकेक रॅम वेगळी लावून तपासा. खोडरबराने पट्टी पुसल्यावर पीसी बरा झाला, तर दोष फक्त संपर्कात होता. खराब चिप पुसून सुधारत नाही.

तेव्हा पहिलं काम डेटाचा बॅकअप, कारण अर्धवट लिहिलेली फाइल प्रत्येक रीस्टार्टला धोक्यात येते. मग आठवडाभर एका कागदावर तारीख, वेळ, त्या क्षणी काय चालू होतं आणि कोणता कोड दिसला, एवढं टिपून ठेवा. तोच कागद दुकानदारापुढे ठेवलात, तर एकेक सुटा भाग बदलून बघण्याचा खर्च तुमच्या माथी मारणं त्यालाही अवघड जाईल.